शिशाची दोरी निवडताना: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते मे 2025

8 फेब्रुवारी, शनिवार. भांडुप

या कामासाठी आजपासून वेगळी वही. उन्हाळ्यात जलाशयाच्या खोल पाण्यातून लुअर (खोटं आमिष) होडीमागे ओढायची, म्हणजे ट्रोलिंग करायचं, तर लाइन, म्हणजे गळाची दोरी, कोणती घ्यायची, एवढा एकच प्रश्न. एप्रिल उजाडायच्या आत उत्तर हवं.

गेल्या एप्रिल-मेमध्ये पाच फेऱ्या झाल्या. पहाटे मासा वर असतो, पण ऊन चढलं की गायब. होडीवाले दादा पाण्यावर वल्हं आपटून सांगायचे, "ताई, आता तो जुन्या नदीत गेला." धरण व्हायच्या आधी जिथून नदी वाहायची, त्या पात्राची खाच अजून तळाशी आहे. तिच्या काठावर, वीस-पंचवीस फुटांवर महाशीर उभा राहतो. माझी सगळ्यात खोल जाणारी लुअर जाते नऊ-दहा फूट. म्हणजे अख्खा उन्हाळा मी माशाच्या डोक्यावरून लुअर फिरवत होते.

जलाशयाचं नाव इथे लिहीत नाही. परवानगी घेऊन, दादांच्याच होडीतून, मासा परत सोडायच्या अटीवर आम्ही तिथे जातो. घाटापलीकडचं पाणी आहे एवढं पुरे. मुंबईतच का नाही, असं ऑफिसात नेहमी विचारतात. विहार आणि तुळशी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ते शहराचं पिण्याचं पाणी, तिथे गळ टाकायचा प्रश्नच येत नाही. पवईला गळवाल्यांची जुनी परंपरा आहे, पण ती काठावर बसून कटला-रोहूसाठी आमिष लावायची. गाळ, जलपर्णी आणि मगरी असलेल्या त्या उथळ तलावात मागे शंभर फूट दोरी सोडून होडी फिरवण्यात अर्थ नाही.

15 फेब्रुवारी, शनिवार

खोल जायचे मार्ग मांडून पाहिले. तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या साध्या दोरीला, मोठं शिसं बांधलं तर लुअर खाली जाते, पण तिची चाल मरते. तारेवर गोळा सोडायचं डाउनरिगर हे यंत्र मोठ्या बोटीचं काम, दादांच्या होडीच्या काठाला ते पेलणार नाही. तांब्याची तार शिशाच्या दोरीहूनही झपाट्याने बुडते, पण ताठ असते आणि रिळावर जरा सैल पडली की तिचा गुंता सोडवता येत नाही. वेष्टण नसल्यामुळे एकदा पीळ पडला की तिथेच तुटते. हलत्या होडीत एका हाताने ती सांभाळणं माझ्याच्याने होणार नाही.

राहिली लेडकोअर. आत शिशाची बारीक तार, वर डॅक्रॉन किंवा नायलॉनचं विणलेलं वेष्टण. ताकद सगळी वेष्टणाची, शिसं फक्त वजनाला. वजन पूर्ण लांबीभर पसरलेलं असल्याने लुअरवर ओझं येत नाही, ती मोकळी नाचते. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या तळ्यांत ट्राउट, सामन आणि वॉलआयसाठी ही लाइन वर्षानुवर्षं वापरतात. दर 10 यार्डांना वेष्टणाचा रंग बदलतो, त्यामुळे किती दोरी बाहेर आहे ते रंग मोजून कळतं. शंभर यार्डांच्या रिळात दहा रंग. बोलतानाही लोक "पाच रंग सोडले" असंच बोलतात.

10 यार्ड म्हणजे 30 फूट, म्हणजे बरोबर पाच वाव. वर्सोव्याच्या मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, "मग त्यांचा रंग नि आपली वाव, जमतंय की गो!"

ताकदीप्रमाणे 12, 15, 18, 27, 36, 45 पौंड असे प्रकार मिळतात. माझ्यासाठी प्रश्न 18 की 27 एवढाच.

23 फेब्रुवारी, रविवार

मुंबईच्या दुकानांत समुद्राचं सामान पाहिजे तेवढं, पण लेडकोअर कुठे दिसली नाही. टोरांटोहून आलेल्या मावसभावाने दोन्ही आणून दिल्या. आज दुपारी सोनाराकडचा छोटा काटा आणि व्हर्निअर घेऊन बसले.

27 पौंडी लाइनचा एक रंग पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतो. 18 पौंडी थोडी हलकी, पण बारीकही. इथेच खरी गोम आहे. दोरीला खाली नेतं तिचं वजन, आणि वर उचलून धरतो पाण्याचा रेटा. जाड वेष्टणाला रेटा जास्त. म्हणून दोरी बारीक असेल तर तेवढ्याच शिशात जास्त खोल जाते.

याहून महत्त्वाचा वेग. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. दोरी मागे तिरकी पसरते, त्या कोनाचा हिशेब धरला तर खोली साधारण वेगाच्या उलट्या प्रमाणात बदलते. होडी निम्म्या वेगाने गेली तर लुअर जवळपास दुप्पट खोल. तिकडचा सर्वमान्य आडाखा आहे, ताशी दोन मैलांना रंगामागे पाच फूट. दोन मैल म्हणजे 3.2 किलोमीटर. पण तो इंजिनच्या बोटींचा आडाखा. दादा वल्ह्यावर जातात ताशी दोन-सव्वादोन किलोमीटरने. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, आपला आपण काढायला हवा.

8 मार्च, शनिवार. वर्सोवा

मुद्दाम भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा दिवस निवडला. उधाणात ओढ इतकी असते की मोबाइलवर दिसणारा वेग आणि पाण्यातला वेग यांचा मेळच लागत नाही. तरीही प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी करून सरासरी घेतली. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड, शिशाला त्याने काही फरक पडत नाही.

मामाची छोटी होडी, मागे लहान इंजिन. तळ सपाट चिखलाचा, मामाने शिसं टाकून वावेने मोजला: चार वाव आणि वर एक हात, साधारण पंचवीस फूट. पद्धत अशी की वेग कायम ठेवून लुअर चिखलाला घासेपर्यंत दोरी सोडत जायची आणि रंग मोजायचे. घासली की रॉडचं टोक डुगडुगायचं थांबतं आणि जड होतं. पहिल्या दोन वेळा मला ते कळलंच नाही, मामाने नुसत्या बोटाने दोरी धरून सांगितलं.

3.2 किलोमीटरला 18 पौंडी लाइनने पाच रंगांना किंचित कमी असताना तळ गाठला. म्हणजे आडाखा खरा. मग वेग उतरवायचा होता, पण इंजिन त्याहून हळू जाईना. मामाने दोन बादल्या कड्यांना दोरी बांधून मागे सोडल्या. होडी लगेच जखडल्यासारखी झाली, वेग 2.2. आता सव्वातीन रंगांतच लुअर चिखलात! 27 पौंडीला साडेतीन रंग लागले.

दिवसभराचं सार एवढंच की दोन लाइनींमधला फरक पाव रंगाचा आणि वेगामुळे पडणारा फरक दीड रंगाहून जास्त. माझी फेब्रुवारीभराची चर्चा चालली होती ती पाव रंगाची.

वळताना काय होतं तेही पाहिलं. होडी उजवीकडे वळली की उजव्या काठाची दोरी मंदावते आणि बुडते, डावीकडची वेग घेऊन वर येते. थांबलो तर मात्र दोरी सरळ तळाला जाते, आणि हे मला आज नीट उमगलं नाही असं मागाहून वाटतं.

परतताना मामाने लहानपणीसारखंच शिशाचा बारीक मणी दाताने दाबून बंद केला. या वेळी मी त्याला अडवलं. ब्रिटनमध्ये गळाच्या बारीक शिशांवर 1987 पासून बंदी आहे, कारण राजहंस ती खड्यांबरोबर गिळून विषबाधेने मरत होते. मामाने ऐकून घेतलं, मणी थुंकला, चूळ भरली. पुढचा मणी पकडीने दाबला.

16 मार्च, रविवार

शिमग्याच्या गडबडीत काही झालं नाही. आज रीळ भरलं. खाली 30 पौंडी ब्रेडचं (विणलेल्या दोरीचं) बॅकिंग, म्हणजे तळाचा भराव, त्यावर 18 पौंडी लेडकोअरचे पाच रंग, पुढे लुअरला बांधायचा शेवटचा तुकडा, म्हणजे 10 मीटर तंगुसाचा लीडर, 20 पौंडी. बारीक लाइन खोल जाते म्हणून कोअर बारीक, आणि महाशीर दांडगा म्हणून लीडर दणकट.

22 मार्च, शनिवार. जलाशय

पहिली खरी फेरी. जुन्या पात्राच्या काठाने तीन रंग सोडून दोन तास गेलो. एक लहान फटका आला, लागला नाही. दहाच्या सुमारास दादांनी घाम पुसायला वल्हं थांबवलं. मी टिपणं लिहीत होते. तीन रंग लाइन, नव्वद फूट दोरी, त्या अर्ध्या मिनिटात शांतपणे तळाला गेली. पुन्हा वल्हं मारलं तर रॉड वाकला तो वाकलाच.

खाली बुडालेलं गाव आहे. घरांची जोती, आंब्यांची खोडं, कुंपणाचे दगड. दादांच्या आज्याचं घर त्यातच कुठेतरी. लुअर कशात अडकली ते वरून कसं कळणार? उलट्या बाजूने ओढून पाहिलं, दोरी सैल सोडून पाहिली. शेवटी लाइन लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून दोघांनी ताण दिला.

तुटलं. हाताला हलकं लागलं आणि वर आला तो लीडर नव्हता, लेडकोअरचं फुटलेलं टोक होतं. दुसऱ्या रंगाच्या मध्यावर वेष्टण पिंजलेलं आणि त्यातून शिशाची तार दातकोरणीसारखी बाहेर. दीड रंग लाइन, लीडर, लुअर, सगळं खाली राहिलं.

हे पाणी खालची गावं पितात. मी त्यात तीसेक ग्रॅम शिसं टाकून आले. दादा म्हणाले, "असू द्या ताई, अख्खं गाव पचवलंय ह्या पाण्यानं." त्यांचं समजावणं मायेचं होतं, पण परतीच्या गाडीत मला दुसरं काही सुचेना.

24 मार्च, सोमवार

राहिलेला तुकडा टेबलावर उघडून पाहिला. तुटल्या जागेच्या वर आणखी एका ठिकाणी बोटाने चाचपलं तर आत पोकळ लागतं. रीळ सैल सुटल्यावर लाइनला पीळ पडतो, आतलं शिसं तिथे मोडतं, वेष्टण तेवढं राहतं. ताण आला की ते तिथेच घासून कमजोर होतं. रीळ सैल सोडल्याची ती चूक माझीच.

पण मुख्य चूक रचनेत होती. 20 पौंडी लीडर आणि 18 पौंडी कोअर. साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा मी शिशाच्या दोरीलाच केलं होतं. अडकल्यावर काहीतरी तुटणारच. काय तुटावं हे आधी ठरवायला हवं होतं, ते मी ठरवलंच नव्हतं.

30 मार्च, गुढीपाडवा

गुढी उतरवल्यावर खिडकीच्या ग्रिलला सामान तोलायचा ताणकाटा अडकवला आणि गाठी तपासल्या.

लेडकोअर आणि तंगूस जोडायची गाठ वेगळी आहे, विलिस गाठ म्हणतात तिला. लेडकोअरच्या टोकाचं वेष्टण चिमटीत धरून मागे सरकवायचं, चुण्या पडतात. आतली शिशाची तार उघडी पडते, ती चारपाच इंच मोडून काढायची. मग वेष्टण पुन्हा पुढे ओढलं की ते रिकाम्या नाडीसारखं लोंबतं. त्या नाडीत तंगुसाचं टोक घालून सुरवंटासारखं पुढे पुढे सरकवत न्यायचं, थेट शिशाच्या टोकापर्यंत. टोक तिरकं कापलं तर जाळीत अडकत नाही. शेवटी रिकाम्या भागावर, आत तंगूस असताना, साधी गाठ मारून ओली करून आवळायची. गाठ इतकी लहान होते की रॉडच्या कड्यांतून खटकत नाही. काढलेला शिशाचा तुकडा डबीत, आणि हात साबणाने.

प्रत्येक जोड तीनदा ओढला:

18 पौंडी कोअर, 20 पौंडी लीडर: तिन्ही वेळा कोअर गाठीशी तुटली, सहा किलोच्या आसपास.

18 पौंडी कोअर, 12 पौंडी लीडर: दोनदा लीडर, एकदा कोअर.

27 पौंडी कोअर, 12 पौंडी लीडर: तिन्ही वेळा लीडर, लुअरच्या गाठीशी, पाच किलोच्या आत. कोअरला ओरखडा नाही.

मधल्या ओळीतला तो "एकदा" मला नको आहे. गाठीमुळे कोअरची ताकद उतरते, पिळामुळे आणखी उतरते, आणि 18 व 12 मध्ये तेवढी फट उरत नाही. 27 मध्ये उरते.

तेव्हा 27 पौंडी. फेब्रुवारीत मी ती जाड म्हणून बाजूला ठेवत होते. पण वल्ह्याच्या वेगाला खोली हवी त्याहून जास्तच मिळते, पाव रंग कमीजास्त झाल्याने माझं काही अडत नाही. 27 ची ताकद माशासाठी घेत नाहीये, माशाला लीडरचे 12 पौंड पुरतात, रिळाचा ब्रेक नीट लावला की मोकळ्या पाण्यात महाशीर थकतो. ताकद हवी ती शिसं घरी परत आणायला.

5 एप्रिल, शनिवार

नवं रीळ. चारच रंग भरले. दहा रंग भरायचे तर रीळ भलंमोठं लागतं, आणि इथे तेवढे सोडायची वेळ येणार नाही. भरताना ओल्या फडक्यातून दाबून ओढलं, सैल एकही वेढा नाही. रॉडही बदलला, काचेच्या धाग्यांचा, मऊ टोकाचा. लेडकोअर फारशी ताणली जात नाही, धक्का पचवायला रॉड आणि तंगूसच असतात. बुडणारी लुअर काढून तरंगणारी लावली: होडी थांबली तर दोरी खाली जाईल, पण लुअर वर उठून अडचणीपासून दूर राहील.

13 एप्रिल, रविवार. जलाशय

दादांशी आधीच बोलून ठेवलं. थांबायचं असेल तर आधी हाक, मग मी दोन रंग गुंडाळणार, मग वल्हं खाली. सकाळभर त्यांनी प्रत्येक वेळी हाक दिली. वल्ह्याच्या प्रत्येक झटक्याला लुअर थोडी उठते आणि मग बसते, आणि फटका येतो तो बहुतेक ती बसताना. इंजिनच्या एकसारख्या वेगात हे मिळत नाही.

एकदा अडकलं. लाकडावर गुंडाळून ओढलं, लीडर लुअरपाशी तुटला. चारही रंग वर आले. मी ते दोनदा मोजले.

साडेनऊला अडीच रंगांवर, जुन्या पात्राच्या वळणावर, रॉड झुकला आणि झुकलेला हलायला लागला. दगड हलत नाही. पंधरा मिनिटांनी पाण्याच्या कडेला सोनेरी खवले, निळसर पर. दीड किलोचा असेल. गळाचे काटे आधीच पकडीने दाबून ठेवलेले, पाण्यातच सुटला. काही क्षण माझ्या तळव्यावर टेकून राहिला, कल्ले दोनतीनदा उघडले, आणि शेपटी मारून खोल गेला. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून या माशाची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात. हा त्यांच्यापैकी कुणाचा वंशज की मूळचाच, कोण सांगणार? दादांनी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला.

27 एप्रिल, रविवार

गेलो नाही. मामासाठी दोन रंगांचा एक तुकडा गाठी मारून तयार केला. खाडीत जिताड्यासाठी वापरून बघतो म्हणतो. त्याला 12 पौंडी लीडर पटत नाही. खडकांत जिताडा घुसला की तुटणारच, असं तो म्हणतो, आणि तिथे त्याचं बरोबर असेल. मग कोअर 36 पौंडी लागेल. हे त्याला लिहून दिलं.

11 मे, रविवार. जलाशय

शुक्रवारी दादांचा फोन आला, "ताई, पाणी उतरलंय, तुमचं झाड दिसायला लागलं." मार्चपासून पंधराएक फूट पाणी खाली गेलं आहे. जोती उघडी, त्यांवर चिखल वाळून तडकलेला. होडी आंब्याच्या काळ्या खोडाशी लावली. फांद्यांचे शेंडे पाण्याबाहेर, आणि एका बेचक्यात शेवाळ धरलेला हिरवा-पिवळा दोरा.

कोपरापर्यंत हात घालून वेढे सोडवले, दादांनी होडी धरून ठेवली. लुअर बुंध्याच्या सालीत रुतलेली, तिचे गळ गंजून तांबडे. वेष्टण शाबूत आहे. घरी आणून धुऊन मोजलं: कोअर सुटली होती साधारण 13.7 मीटर, हाती आली 11. टोकाकडचे पावणेतीन मीटर खालच्या फांदीत इतके घट्ट आवळले आहेत की हात पोचला नाही.

दादा म्हणतात, पाऊस यायच्या आत आणखी दोन-तीन फूट उतरेल. त्यांच्याकडे पकड आणि एक झाकणाची डबी ठेवून आले आहे. पुढच्या शनिवारी मीही जाईन.